क्लच, ब्रेक आणि सासूबाई

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडमनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची बैठकीच्या खोलीत आणली, खिडकीकडे तोंड करून ठेवली, तिच्यावर बसल्या आणि डोळे मिटून पाय पुढे केले. पाय जिथे टेकले तिथे वाकून खडूने दोन खुणा केल्या. मग जुन्या रबरी चपलांचा जोड त्या खुणांवर चिकटपट्टीने बसवला. डावीकडच्या चपलेखाली भांडी घासायचा नवा स्पंज सरकवला, कारण क्लच दाबल्यावर परत वर यायला हवा. उजवीकडची चप्पल तशीच ठेवली. ब्रेकला एवढे लाड लागत नाहीत.

लॉकडाऊनचा तो नववा दिवस होता. स्कूलची पांढरी गाडी खाली आवरणाखाली उभी होती आणि विद्यार्थ्यांचं रजिस्टर कपाटात पडून होतं. एकोणीस वर्षांत मॅडमनी हजारावर माणसांना गाडी शिकवली. त्यांची शिकवायची पद्धत एका वाक्यात सांगता येते: ओरडायचं नाही, आधी पाय. समोर कुत्रं आलं, रिक्षा आली, भिंत आली, तरी त्या बोलत नसत. शेजारच्या सीटसमोरचा त्यांच्या बाजूचा ब्रेक शांतपणे दाबत. ही सवय इतकी मुरली होती की घरात कुणाच्या हातून कप निसटला, तरी त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जाई.

सव्वासातला विद्यार्थिनी हजर झाली. इस्त्रीचे कपडे, पायात बूट, खांद्याला पर्स.

"आई, पर्स कशाला?" मॅडमनी विचारलं.

"लायसन्स ठेवायला."

"ते अजून मिळायचंय."

"मिळाल्यावर पर्स शोधत बसू का?"

सासूबाईंचं वय तेव्हा एकोणसत्तर वर्षं आणि पावणेदहा महिने होतं. हा हिशेब घरात सगळ्यांना पाठ होता, कारण तिथल्या नियमाप्रमाणे पहिलं लायसन्स सत्तरीच्या आत काढावं लागे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सुनेपाशी विषय काढला होता. "आई, या वयात मान वळत नाही," असं म्हणून सुनेने तो मिटवला. सासूबाई गप्प बसल्या आणि फेब्रुवारीत नातीला बरोबर घेऊन परस्पर शिकाऊ परवाना काढून आल्या. वाहतुकीच्या खुणांच्या परीक्षेत वीसपैकी एकोणीस. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात मॅडम ड्रॉवर आवरायला बसल्या तेव्हा तो परवाना हाती लागला. आता विद्यार्थीच नव्हते, त्यामुळे वेळ नाही, थकले आहे, यातलं एकही कारण शिल्लक नव्हतं.

सासूबाईंची धाकटी बहीण नऊ किलोमीटरवर राहते. तिच्याकडे जायचं म्हणजे दर वेळी कुणाला तरी विचारायचं, "सोडायला आहे का कुणी?" हे वाक्य उच्चारून त्यांना कंटाळा आला होता. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी लोकांची गाठ घालून दिली. स्वतःच्या बहिणीची गाठ घ्यायला मात्र दुसऱ्याची सवड बघावी लागे. आता कुणालाच कुठे जाता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी ठरवलं, उघडलं की पहिली फेरी आपली आपण मारायची.

दिवाणखान्यातली गाडी हळूहळू सजत गेली. स्टिअरिंग म्हणून मोठ्या पातेल्याचं झाकण आलं. दोन उशांच्या मध्ये उलटी छत्री खोचून गिअर झाला. आरसा मॅडमच्या नवऱ्याचा दाढीचा, त्याला न विचारता उंच दिव्याच्या खांबाला बांधलेला. तेरा वर्षांची नात सिग्नल झाली. तिच्याकडे एक लाल ताटली आणि एक हिरवी. बाईसाहेब मनात येईल तेव्हा लाल दाखवत आणि तेवढ्यात एक गणित सोडवून घेत.

"हा सिग्नल सुटत का नाही?" सासूबाई वैतागत.

"आजी, उदाहरण मोठं आहे."

नवरा आतल्या खोलीतून ऑफिसचं काम करत असे. त्याला गाडी येत नव्हती. त्या घरात गाडी येणारं माणूस एकच. त्याच्या बैठका सुरू असताना बाहेरून "क्लच सोडा, हळू, आई, हळू!" ऐकू येई. पहिल्या आठवड्यात तो ओशाळून माफी मागत होता. तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी कामाच्या आधी विचारलं, "काय, मातोश्री तिसऱ्या गिअरमध्ये गेल्या का?" "दुसऱ्यात आहेत, सर," त्याने सांगितलं, "घाटात अडकल्यात." पुढे बैठकीची सुरुवात याच बातमीने होऊ लागली.

रोज सकाळी रस्ता एकच असे, बहिणीच्या घराचा. मॅडमना त्याचं वळण न् वळण ठाऊक होतं. शेजारच्या खुर्चीत बसून त्या डोळे मिटून सांगत: दूध केंद्र आलं, डावीकडे बघा. आता शाळा, वीसच्या वर जायचं नाही. खड्डा. हा खड्डा कायमचा आहे, त्याला मान द्या. सासूबाई झाकण फिरवत, छत्री पुढेमागे करत, चपला दाबत. पुलावर पोचल्या की चहा यायचा. गाडी बाजूला घेऊन, हँडब्रेक लावून, म्हणजे उशीवर थाप मारून, दोघी चहा प्यायच्या. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण सासू-सुनेने रोज वीस मिनिटं एकत्र बसून निवांत चहा घ्यावा, असं याआधी घडलं नव्हतं. सकाळी मॅडम शिकवायला बाहेर असत आणि संध्याकाळी दमलेल्या असत. आता दोघींच्या गप्पांना पूल ही हक्काची जागा झाली.

एकदा पुलावर असतानाच बहिणीचा फोन आला. नातीने तो स्पीकरवर टाकला.

"काय करतेयस गं?"

"तुझ्याकडेच निघालेय. पुलावर आहे. गर्दी आहे जरा."

"लॉकडाऊनमध्ये कसली मेली गर्दी?"

"सिग्नलचा गृहपाठ चाललाय."

बहीण म्हणाली, "तू खरंच गाडी घेऊन आलीस ना, तर आधी कळव. मी फाटकाजवळच्या कुंड्या आत घेते."

"कळवते. आणि तूही आतच थांब."

असे सात आठवडे गेले. अठ्ठावन्नाव्या दिवशी निर्बंध थोडे सैल झाले. एका घरातल्या माणसांना एका गाडीतून फिरायची परवानगी मिळाली आणि परिवहन कार्यालयाने मोजक्या टेस्ट घ्यायला सुरुवात केली. सासूबाईंना बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली, सत्तराव्या वाढदिवसाच्या बरोबर चार दिवस आधीची. नापास झालेल्याला आठवडाभर परत बसता येत नाही. म्हणजे संधी एकच.

त्याच सकाळी मॅडमनी गाडीवरचं आवरण काढलं आणि बंद असलेल्या फर्निचरच्या दुकानासमोरच्या मोकळ्या पटांगणात गाडी नेली. सासूबाई चालकाच्या सीटवर बसल्या. पट्टा लावला, आरसा सारखा केला, सीट पुढे ओढली, सगळं घरी केलं होतं त्याच क्रमाने. मग त्यांनी पायाशी बघितलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "इथे तीन आहेत."

मॅडम खिडकीची काच खाली करत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला.

"क्लच हा. ब्रेक हा. हे तिसरं काय?"

मॅडमनी सासूबाईंच्या पायाकडे पाहिलं, मग स्वतःच्या. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला दोनच पेडल असतात. विद्यार्थी चुकला तर गाडी थांबवायला क्लच आणि ब्रेक पुरतो. वेग वाढवायचं काम शिकवणाऱ्याला कधी पडत नाही. एकोणीस वर्षं दिवसाचे आठ तास त्या याच सीटवर बसत आल्या होत्या. नवव्या दिवशी सकाळी डोळे मिटून पाय पुढे केले, तेव्हा पाय इथेच पडले होते. घरात दुसऱ्या कुणाला गाडी येत नसल्याने चूक दाखवणारंही कुणी नव्हतं.

"आई, तो ॲक्सिलरेटर," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझ्याकडे नसतो ना. मी विसरले."

"विसरलीस?"

"साफ विसरले."

"म्हणजे सात आठवडे मी क्लच आणि ब्रेकवर बहिणीकडे जात होते?"

"हो."

"तरीच रोज उशीर व्हायचा."

मॅडमना हसू आवरेना. चेहऱ्यावरचा मास्क खाली ओढून त्यांनी डोळे पुसले. मग विचारलं, "पण आई, पुस्तकात ॲक्सिलरेटर होता की. एकदा तरी विचारायचं."

"मला वाटलं तो तुझ्या बाजूला असेल. मास्तर तू. वेग किती ठेवायचा ते तूच ठरवणार, नाही का?"

हसणं ओसरल्यावर मात्र मॅडमनी दिवस मोजले. बारा दिवस उरले होते आणि विद्यार्थिनीला गाडी पुढे न्यायचं पेडल माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती, हेही त्यांना कळत होतं. सासूबाईंनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि स्पंजावर घोटलेल्या सवयीने क्लच कणाकणाने सोडायला लागल्या. गाडी थरथरली नाही, उडी मारली नाही, बंद पडली नाही. तिसऱ्या पेडलला पाय न लावता ती निघाली आणि मुंगीच्या चालीने पटांगण ओलांडून गेली.

पहिल्याच खेपेला गाडी बंद न पाडणारा विद्यार्थी मॅडमना एकोणीस वर्षांत भेटला नव्हता.

खरं संकट दुसऱ्या दिवशी कळलं. सासूबाईंचा उजवा पाय जड होता. ॲक्सिलरेटरला टेकला की गाडी डरकाळी फोडून पुढे झेपावे आणि मॅडमचा ब्रेक दाबला जाई. टेस्टमध्ये शेजारी परीक्षक बसणार, आणि त्याला त्याच्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला की निकाल लागलाच. तिसऱ्या दिवशी पटांगणात अकरा वेळा ब्रेक दाबून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे. मी आपली पुलापर्यंतच बरी होते."

संध्याकाळी मॅडमनी दिवाणखान्यात तिसरी चप्पल चिकटवली. तिच्याखाली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पातळ कुरकुरीत बिस्किटांचा थर लावला. अट सरळ होती: चप्पल दबली पाहिजे, बिस्किट मोडता कामा नये.

पहिल्या संध्याकाळी चौदा मोडली. चुरा वाटीत काढून सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ला. दुसऱ्या दिवशी अकरा, मग आठ. साहेबांना रोजचा आकडा कळवण्यात येऊ लागला. सकाळी पटांगण, संध्याकाळी बिस्किटं. टेस्टच्या आदल्या दिवशी फक्त एक मोडलं. "आजी, थोडं तरी जोरात दाब ना," नात रिकामी वाटी घेऊन म्हणाली. पटांगणात त्या सकाळी मॅडमच्या पायाला काहीच काम पडलं नव्हतं.

टेस्टला मॅडमना फुटपाथवर उभं राहावं लागलं. परीक्षक मास्क लावून, काचा उघड्या ठेवून शेजारी बसला. गाडी निघाली. ज्या चढावर निम्मे लोक घसरतात त्या चढावर मध्येच थांबायचं होतं. सासूबाई थांबल्या, क्लच अर्ध्यावर तोलून धरला, हँडब्रेक सोडला. गाडी इंचभरही मागे आली नाही. फुटपाथवर मॅडमचा पाय जमिनीत रुतला होता. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या स्कूलच्या मास्तरांनी विचारलं, "बूट लहान होतोय का, मॅडम?"

पुढचं परीक्षकाने सांगितलं म्हणून कळलं. सरळ रस्त्यावर गाडी अठराच्या वर जाईना, तेव्हा तो म्हणाला, "आजी, जरा वेग घ्या."

"घेते. ते आत्ताच शिकलेय," सासूबाईंनी सांगितलं आणि तिसावर नेऊन काटा तिथे ठेवला, कार्यालयाच्या आवारात परत येईपर्यंत. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं: वेग कमी, ताबा उत्तम. पास.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "आई, मान वळते तुमची," त्या म्हणाल्या.

"वळवायला कारण लागतं," सासूबाई म्हणाल्या आणि पर्सची चेन उघडली.

त्या संध्याकाळी बहिणीला फोन करून वेळ कळवण्यात आली. कुंड्या आत घ्यायला तिला एक रात्र मिळाली.

ड्रायव्हिंग स्कूलनाही परवानगी मिळाली आहे आणि रजिस्टर कपाटातून बाहेर आलं आहे. उद्या साडेसहाला पहिली विद्यार्थिनी येईल, फुलांच्या दुकानात काम करणारी. स्कूलच्या नव्या नियमाप्रमाणे पहिले तीन दिवस तिला ॲक्सिलरेटरला पाय लावता येणार नाही. साडेसातला बेकरीवाला, चढावर दोनदा नापास झालेला. त्यालाही तोच नियम. साडेआठ ते साडेदहा या वेळेत गाडी शिकवणीला मिळणार नाही.