बर्फातलं अस्वल आणि आमची केळ

बारावीत असताना इंग्रजी पेपरात एक जाहिरात वाचली: बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय खेळांसाठी शुभंकर, म्हणजे खेळांची ओळख म्हणून मिरवणारा प्राणी, हवा आहे, चित्र कुणीही पाठवावं. मी वसईजवळच्या पापडीची. बर्फ पाहिला होता तो मासळीवर टाकलेला. तरी पाठवायचं ठरवलं, कारण बाबांशी पैज लागली. जिंकले तर चित्रकलेचं कॉलेज, हरले तर मुकाट्याने डी.एड. आमच्या आळीत दोन घरांआड एक शिक्षिका होतीच, त्यांत भर घालायची मला अजिबात हौस नव्हती.

पांढरं अस्वल काढायला घेतलं. अस्वल कुठून आणणार? शेजारचा पांढरा कुत्रा समोर बसवला आणि कान लहान केले. बर्फाची मात्र मला पक्की खात्री होती. दर नाताळात गावात देखावा म्हणून मांडलेल्या गोठ्यात बाळ येशूभोवती बर्फ पसरायचे ते मीच, आईच्या उश्या फोडून. गोठ्याच्या दोन्ही बाजूंना बाबा वाडीतल्या केळी आणून उभ्या करत, आणि त्यांच्या पानांवरही मी कापूस टाकायचे. म्हणून अस्वलामागे एक केळ काढली. बर्फ म्हटला की केळ आलीच.

घरात सगळ्यांनी चित्र तपासलं. आई म्हणाली, "बिचाऱ्याला स्वेटर तरी घाल." बाबांनी केळीचं पान तीनदा बदलायला लावलं. "वाऱ्याने पान असं फाटतं का गं? पार शिरेपर्यंत फाटतं!" मग वाडीत नेऊन दाखवलं. मी धुसफुसत पुन्हा काढलं. बर्फात केळ कशी, हे एकालाही सुचलं नाही.

परीक्षा संपल्यावर उत्तर आलं. मी वाचून सांगितलं, हरले. बाबांना माझ्या इंग्रजीचा भरवसा नव्हता, ते पत्र घेऊन थेट चर्चमध्ये गेले. मी मागोमाग. फादरांनी हसू दाबत मराठीत सांगितलं, "प्राणी कुठला ते कळलं नाही म्हणतात. झाड मात्र अगदी जिवंत उतरलंय, फक्त ते बर्फात उगवत नाही."

बाबा उखडले. "त्यांच्याकडे केळच नाही, तर ती जिवंत आहे हे त्यांना कळलं कसं?"

"तेच तर," फादर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीला पाणी सोडताना बाबांनी विचारलं, "त्या कॉलेजचा फॉर्म कुठे मिळतो?"

"पण मी हरले ना, बाबा."

"हरलं ते अस्वल," ते म्हणाले. "केळ नाही."

मला रडूच कोसळलं. बाबा पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला निघून गेले.