युन्नानातलं तळं

"पाय लागले होते का तिथे?"

ठाण्याच्या आमच्या सर्व्हे ऑफिसात नकाशा तपासायला नेला की चष्मा कपाळावर ढकलून सर आधी हेच विचारायचे, म्हणजे, स्वतः जाऊन पाहिलंस का. मग भिंग. शंका आली की पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह. ते आपण खोडायचं नाही. ज्याची चूक त्याने येऊन तोंडाने सांगायची. मग ते स्वतः खोडणार आणि चहा मागवणार. तुम्हीही पाहिला असेल असा माणूस: धाक वाटतो, पण रजेवर गेला की करमत नाही.

एकदा माझ्या नकाशातला नाला शोधायला सर कोलशेतच्या चिखलात उतरले, पँट दुमडून. जाळं घेऊन चाललेली कोळीण हसली. "काय हरवलंय रं दादा, चिखलान?"

"नाला, बाय."

"तो? तो तं कवाच बुजवलाय!"

ते माझ्याकडे वळले. "जुन्या नकाशावरून उतरवलास ना?"

मी हो म्हटलं. चहा मिळाला.

त्यांचा जीव होता एका कागदात. रद्दीत सापडलेला, चीनच्या युन्नान प्रांताचा जुना फ्रेंच नकाशा. "पाद्र्यांनी मोजलाय रे. धर्म सांगायला गेले आणि दोऱ्या घेऊन डोंगर चढत बसले! आणि इथे बघ, पोचले नाहीत, तर कोरं सोडलंय. एवढा प्रामाणिक कागद मी पाहिला नाही."

सत्त्याऐंशी साली तो त्यांनी मला ट्रेस करायला दिला. पेनातून शाईचा थेंब मूळ नकाशावरच पडला, नेमका त्या कोऱ्या जागेत. टिपला, तरी करडा डाग उरला. ब्लेडने खरवडावा तर कागद फाटेल. मी डागाला काठ काढला, भोवती पाण्याच्या रेषा. छान तळं झालं. हात चांगला होता माझा.

त्यांनी बराच वेळ भिंग धरलं. "हे तळं मला कधी दिसलंच नव्हतं."

मी पेन धूत राहिलो.

"डोळे गेले रे माझे," ते म्हणाले.

महिनाअखेर त्यांनी काम सोडलं. भिंग माझ्या टेबलावर ठेवलं. सगळ्यांना सांगितलं, मोतीबिंदू.

कोपरला त्यांच्या घरी मी दहा वर्षं जात होतो. काकूंना सुईत दोरा ओवून देताना पाहिलंय मी त्यांना. एका झटक्यात ओवायचे. निघताना दारापर्यंत यायचे. "काही सांगायचंय का रे?"

"नाही सर. सहज आलेलो."

ते गेल्यावर काकूंनी त्या नकाशाची गुंडाळी हातात दिली. "तुझ्यासाठीच ठेवायला सांगितलेली. तू काहीतरी सांगणार होतास म्हणे?"

घरी येऊन उघडली. तळ्याशेजारी पेन्सिलीचं बारीकसं प्रश्नचिन्ह.

अजून तसंच आहे. खोडरबर शेजारी ठेवलाय, पण खोडणारा हात माझा नाही.

पाय नव्हते लागले, सर. थेंब पडला होता. खोडा आता.