एक जंपर कमी

"सर, पिशवीत एकच जंपर आहे."

बस्त्यावचा फोन आला तेव्हा मी दिंडोशीला आमच्या बुद्धविहारात वंदनेला बसलो होतो. रविवार, सकाळचे साडेनऊ. मोबाइल थरथरला म्हणून बाहेर चपलांपाशी येऊन घेतला.

मी तेव्हा एका लिफ्ट कंपनीत बोरिवली भागाचा सर्व्हिस मॅनेजर होतो. बस्त्याव माझ्या हाताखालचा सीनियर मेकॅनिक, गोराई गावातला ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचा इथलाच मराठी ख्रिस्ती. कागदोपत्री सेबॅस्टियन, पण ते नाव फक्त पगाराच्या स्लिपवर. मशीन रूमचं दार उघडण्याआधी तो कपाळाला, छातीला हात लावून क्रूस करायचा. बाकीची पोरं त्याला पाद्रीबुवा म्हणून चिडवायची. तो हसायचा आणि कामाला लागायचा.

जंपर म्हणजे काय ते आधी सांगतो. लिफ्टच्या प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कॉन्टॅक्ट असतो. हे सगळे कॉन्टॅक्ट एका साखळीत जोडलेले. एक जरी दार नीट लागलेलं नसेल तर साखळी तुटते आणि लिफ्ट जागची हलत नाही. कधीकधी दार लागलेलं असूनही लिफ्ट अडते. मग नेमका कुठला कॉन्टॅक्ट खराब आहे ते शोधताना आम्ही कंट्रोल पॅनलमध्ये एक तार लावून त्या साखळीला वळसा देतो. ती तार म्हणजे जंपर. काम झालं की ती काढायची. राहिली तर लिफ्ट बंद पडत नाही, उलट मस्त चालते. हीच तर मेख आहे. दार उघडं असतानाही ती निघते. माणसाचा एक पाय आत, एक बाहेर.

म्हणून प्रत्येक मेकॅनिककडे दोनच जंपर, तेही लालभडक. पॅनल बंद करण्याआधी मोजायचे आणि चेकलिस्टच्या शेवटच्या रकान्यात टिक करायची. जंपर विसरला तर थेट घरी, हा आमच्या कंपनीचा नियम होता.

शनिवारी बस्त्याव बोरिवलीच्या एका सात मजली सोसायटीत बी विंगची लिफ्ट दुरुस्त करत होता. काम संपत आलं आणि दुसऱ्या बिल्डिंगमधून फोन आला, लिफ्टमध्ये एक बाई अडकल्यात. त्याने पॅनल लावलं, चेकलिस्टवर सही केली, मशीन रूमची चावी चेअरमन सावंतांकडे दिली आणि बाइक पिटाळली. शेवटच्या रकान्यातली टिक त्याने हाताच्या सवयीने केली होती.

रविवारी तो चर्चमध्ये मिस्सेला, सकाळच्या उपासनेला गेला. अर्पणाच्या वेळी रांग पुढे सरकायला लागली आणि त्याला आठवलं, की तार काढल्याचं काही आठवत नाही. तो तसाच उठून घरी गेला. पिशवी पालथी केली. एकच जंपर.

मी त्याला म्हटलं, "अरे, दुसरा बाइकच्या डिकीत पडला असेल. तू कधी विसरतोस का? उद्या सकाळी बघ."

"डिकी बघितली सर. सावंतकाकांचा फोन लागत नाही. वॉचमन म्हणतो लिफ्ट झकास चाललीय, आज बी विंगला बारसं आहे, खूप पाहुणे येतायत. चेअरमनला विचारल्याशिवाय बंद करणार नाही म्हणतो."

"मग चाललीय ना. उद्या बघ."

तो "बरं सर" म्हणाला. मी आत जाऊन बसलो. पण वंदनेत लक्ष लागेना.

वीस मिनिटांनी पुन्हा फोन. मागे बोटीच्या इंजिनाची धडधड. तो खाडी ओलांडून बोरिवलीला निघाला होता. वर्षानुवर्षं माझा एक शब्द खाली पडू न देणारा माणूस, आणि त्या दिवशी त्याने माझं ऐकलं नाही. मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. त्या सोसायटीच्या चारही विंगचं काँट्रॅक्ट आमच्याकडे होतं.

"जा," मी म्हणालो. "पण तिथे जंपरचं नाव काढू नकोस. रूटीन चेकिंग म्हण. तार असली तर गुपचूप काढ आणि ये. तुझी नोकरी जाईल, कळतंय का? पोरगी कॉलेजात आहे तुझी."

त्याने फोन ठेवला. मी रिक्षा पकडली.

पुढचं मला चेअरमन सावंतांनीच सांगितलं. बारसं त्यांच्याच नातीचं. बस्त्याव जिने चढून पाचव्या मजल्यावर त्यांच्या दारात उभा राहिला. चर्चचे इस्त्रीचे कपडे, घामाने भिजलेले. सावंत कोकणातले, तोंडाने फटकळ. बारशाच्या दिवशी लिफ्ट बंद करायची म्हटल्यावर उखडलेच. रूटीन चेकिंग म्हणाला असता तर त्याला त्यांनी दुपारनंतर यायला सांगून वाटेला लावलं असतं. बस्त्यावने चार वाक्यांत सांगून टाकलं: काल माझी चूक झाली आहे. लिफ्ट दार उघडं असताना निघू शकते. मी तपासल्याचं लिहिलं, पण तपासलं नव्हतं. चावी द्या.

सावंतांनी चावी दिली आणि स्वतः त्याच्याबरोबर वर गेले. बस्त्यावने वॉचमनला तळमजल्यावर उभं केलं, लिफ्ट रिकामी झाल्याची खात्री केली, मग स्विच पाडला. पॅनल उघडलं. तार तिथेच होती. लाल.

मी पोचलो तेव्हा लिफ्ट बंदच होती. बस्त्याव एकेका मजल्याचं दार तपासत खाली येत होता. तळमजल्यावर पाहुणे ताटकळले होते, एक म्हातारी खुर्चीवर बसून पदराने वारा घेत होती. तो सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, माझ्या चुकीमुळे तुम्हाला थांबावं लागतंय, माफ करा. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी चुका लपवणारी माणसं पाहिली होती, चुका दुसऱ्यावर ढकलणारी पाहिली होती. न विचारता स्वतःची चूक अशी घेऊन येणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

सावंत माझ्याकडे वळले. "तुमचा माणूस म्हणतो चूक त्याची. तुम्ही काय म्हणता?"

रूटीन हा शब्द माझ्या ओठांवर होता. बस्त्यावने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणालो, "चूक झाली."

दुपारी लिफ्ट सुरू झाली. आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला. मी विचारलं, मिस्सा अर्धी टाकून उठलास, एवढी काय घाई होती?

तो म्हणाला, "आमच्यात सांगतात सर, अर्पण करायला आलास आणि आठवलं की आपलं कुणाशी काही बिघडलंय, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जा, ते निस्तर, मग ये. लहानपणापासून ऐकतोय. उठायची वेळ आजच आली."

दर रविवारी मीही पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्याच सकाळी ते तोंडाने म्हणून मी बाहेर चपलांपाशी आलो होतो आणि त्याला काय बोलायचं ते शिकवत होतो. त्याने ऐकलेलं मशीन रूमपर्यंत नेलं. माझं विहाराच्या पायरीवरच राहिलं.

सोमवारी त्याने रिपोर्ट दिला. एक पान, स्वतःच्या अक्षरात. शनिवारपासून सगळं होतं. फक्त मी दोन्ही फोनवर जे बोललो ते नव्हतं. मी पान दोनदा वाचलं. मग त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"मी फोनवर जे बोललो ते का नाही लिहिलंस?"

तो जरा अवघडला. "ते माझं नाही ना सर," तो म्हणाला. "ते तुमचं आहे."

त्यात टोमणा नव्हता. तो मला वाचवतही नव्हता. आपल्या वाट्याचं त्याने लिहिलं होतं आणि माझ्या वाट्याचं माझ्यावर सोडलं होतं. तो गेल्यावर मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो. तेच पान हेड ऑफिसला पाठवलं असतं तर मी सुटत होतो. शेवटी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं: साडेनऊला मला कळवण्यात आलं. मी उद्या बघ म्हणालो. नंतर लपवायला सांगितलं.

सही केल्यावर इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

पुढे कुठला चमत्कार झाला नाही. बस्त्यावची नोकरी वाचली, कारण चूक त्याने स्वतः सांगितली होती. पण महिनाभर बिनपगारी घरी बसावं लागलं. मला मेमो मिळाला आणि ठरलेलं प्रमोशन गेलं. सोसायटीने पुढच्या वर्षी दुसरी कंपनी धरली. सावंत म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे, पण कमिटी ऐकत नाही.

नंतर नवे मेकॅनिक शिकायला आले की मी त्यांना दोनच गोष्टी सांगायचो. जंपर मोजल्याशिवाय पॅनल लावायचं नाही. आणि रविवारी फोनवर जे बोलाल, ते सोमवारी स्वतःच्या अक्षरात लिहायचं आहे असं धरून बोला.