उजवीकडच्या उल्का

वेलचेरीत मी ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्या घराच्या मालकीणबाई तंजावरकडच्या मराठी. निवृत्त गणितशिक्षिका, वय सत्तरीच्या पुढे, खाली एकट्याच असतात. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्या मराठीच बोलतात, पण मधूनच तमिळ शब्द येतो आणि प्रत्येक वाक्याचा शेवट तमिळसारखा वर चढतो. पहिले काही महिने मी त्यांना 'काय?' असं फार वेळा विचारलं.

मी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. कंपनीची बस पावणेसहाला कोपऱ्यावर येते. त्याआधी पहाटेच्या अंधारात तासभर, आकाश मोकळं असेल तेव्हा, मी गच्चीवर पाठ टेकून उल्का मोजतो. छंद जुना आहे. हे शहर त्यासाठी बरं नाही. एप्रिलमध्ये धुरकट असतं, ऑगस्टमध्ये ढगांच्या फटींतून पाहावं लागतं, ऑक्टोबरनंतर पाऊस. दिव्यांमुळे फक्त ठळक उल्का दिसतात. तरी मी वहीत वेळ, दिशा आणि ठळकपणा लिहितो. अंधारात वहीकडे न बघता, जाड पेन्सिलीने.

अक्का पहाटे साडेचारला मोटर लावतात आणि टाकी भरली का ते बघायला वर येतात. मे महिन्यात, कुंभ राशीकडून येणाऱ्या उल्कांच्या दिवसांत, त्यांनी मला चटईवर पडलेलं पाहिलं आणि बरं नाही का, असं विचारलं. मी काय करतोय ते सांगितलं. त्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. पहिल्या दिवशी त्यांना एकही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी एक दिसली, आणि मग त्या रोज येऊ लागल्या.

मी त्यांना एकच नियम सांगितला होता. आपण स्वतः पाहिली तीच सांगायची. दुसऱ्याने बोट दाखवल्यावर पाहिली ती नाही. गणिताच्या बाईंना तो लगेच पटला. त्यांचा आकडा मी वेगळ्या रकान्यात लिहू लागलो.

ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहाकडच्या उल्का आल्या. आमची तोंडं उत्तरेकडे असायची. अक्कांचा आकडा माझ्यापेक्षा वाढायला लागला. मी तीन पाहिल्या तर त्यांनी सात. बहुतेक पूर्वेच्या बाजूला, बारीक, चटकन जाणाऱ्या. मला वाटलं, मी त्या बाजूला कमी बघतो. शिवाय बसून पाहणाऱ्याला कडेचं जास्त दिसत असेल, असंही मी स्वतःला समजावलं. थोडा मत्सरही वाटला, हे कबूल करतो.

ऑक्टोबरात मृगाकडून येणाऱ्या उल्कांसाठी आम्ही दक्षिणेकडे तोंड केलं. एका पहाटे बसमध्ये मी वही चाळत होतो. अक्कांच्या रकान्यात आता सगळीकडे पश्चिम लिहिलेलं होतं. ऑगस्टमध्ये पूर्व, ऑक्टोबरमध्ये पश्चिम. आम्ही फिरलो होतो आणि त्यांच्या उल्काही आमच्याबरोबर फिरल्या होत्या. कारखान्यात एखादा डाग प्रत्येक भागावर त्याच जागी दिसला, तर आम्ही आधी भाग तपासत नाही, भिंग तपासतो.

तरीही दोन दिवस मी त्यांचा आकडा तसाच लिहीत राहिलो. तिसऱ्या पहाटे आकाश पूर्ण झाकलेलं होतं, नारिंगी आणि सपाट. मी वही न घेताच वर गेलो होतो. अक्का आल्या, टाकी पाहिली आणि सवयीने बसल्या.

"एक गेली," त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं. ढगच होते. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि मिटलेल्या डोळ्यांनी उजवीकडे-डावीकडे बघायला सांगितलं. त्यांनी तसं केलं.

"मज अजून दिसतं," त्या म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती. गणित चुकलेलं सापडावं, तसा आवाज होता.

त्या दिवशी मी बस सोडली. डोळ्यांच्या दवाखान्यात चार तास गेले. डॉक्टर तमिळमध्ये बोलत होत्या आणि अक्का मला मराठीत सांगत होत्या, जणू आजारी मीच होतो. उजव्या डोळ्याचा पडदा कडेला फाटला होता. आतून तो ओढला गेला की काळोखात प्रकाशाची रेघ चमकल्यासारखी वाटते. अजून थोडे दिवस गेले असते तर पडदा सुटला असता. त्याच दुपारी लेझरने फाटलेली जागा बंद केली.

आठवड्याने त्या वर आल्या आणि त्यांनी वही मागितली. मी म्हणालो, उजवीकडच्या सगळ्या नोंदी खोडाव्या लागतील.

"सगळ्या कशाला?" त्या म्हणाल्या. "त्यांत एखादी खरी असेल. कोणती, हें तुम्हांस ठाऊक नाही, मजही नाही. बाजूला लिहा, नक्की नाही म्हणून."

मी तसं लिहिलं. आमच्या कारखान्यात हा शेरा चालत नाही.

डिसेंबरमध्ये पाऊस उघडला आणि मिथुनेकडच्या उल्कांच्या दोन चांगल्या पहाटा मिळाल्या. अक्का आल्या, पण पूर्वीसारख्या आकडा सांगेनात. एक मोठी, हिरवट उल्का डोक्यावरून पश्चिमेकडे गेली. न दिसणं शक्य नव्हतं. मी नियमाप्रमाणे गप्प राहून त्यांची वाट पाहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हांस कांही दिसलं कीं?"

मी नियम मोडला आणि हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि त्या म्हणाल्या, "ती माझ्या रकान्यात नको. मी आधी विचारलं."

दुसऱ्या पहाटे त्या आल्या तेव्हा उजवा डोळा तळहाताने झाकून बसल्या. मी विचारलं, दुखतंय का? दुखत नाही म्हणाल्या. एका डोळ्याने जेवढ्या दिसतील तेवढ्याच सांगायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या तासाभरात मी नऊ मोजल्या, त्यांनी चार. चारही मी पाहिलेल्या होत्या, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.