सहावा पाट

माझ्या साडूंना जितके खुनी वाकून नमस्कार करत, तितके मला माझ्या ऑफिसातले शिपाईसुद्धा कधी करत नसत. नगरच्या एस. टी. स्टँडसमोर रसवंतीत आम्ही दोघं बसलेलो असायचो. एवढ्यात कोणीतरी धिप्पाड गडी समोरून यायचा, टोपी काढून त्यांच्या पायांना हात लावायचा, आणि साडू मोठ्या कौतुकानं ओळख करून द्यायचे, "हे माझे साडू, जिल्हा परिषदेत असतात. आणि हे आपले गणपतराव, तीनशे दोन." कोणी आपल्या भाच्याची बी. ए. ची पदवी सांगावी तसे ते माणसाचं कलम सांगत. गणपतराव लाजत. मी माझा रसाचा ग्लास थोडा जवळ ओढून घ्यायचो.

ही सत्तर-एकाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. श्रीगोंद्याच्या बाजूला उघडा तुरुंग होता. उघडा म्हणजे भिंती नाहीत, तारेचं कुंपण आणि आत शेती. शिक्षेची बरीच वर्षं सरळपणे काढलेल्या कैद्यांना तिथे पाठवत. साडू तिथे कल्याण अधिकारी होते. पुण्याला मानसशास्त्र शिकून आलेले, आणि शिकलेलं सगळं खरं मानणारे. गुन्हा हा आजार आहे आणि आजार औषधानं जातो, यावर त्यांचा इतका विश्वास होता की ते घराला कुलूप लावत नसत. कुलूप बघून चांगला माणूससुद्धा विचार करायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा ते लग्नाला गेलेले असताना चोरानं येऊन ट्रान्झिस्टर नेला. साडूंना ट्रान्झिस्टरचं काही वाटलं नाही. चोराला घरात बोलायला कोणी भेटलं नाही याचं वाईट वाटलं. त्यांनी दारावर चिठ्ठी लावली : 'पुन्हा याल तर दुपारी चारनंतर यावे, मी घरी असतो. चहा घेऊ.' चोर काही आला नाही. पण समोरच्या आळीतले एक पेन्शनर आठवडाभर रोज चारला येऊन चहा पिऊन गेले.

कैद्यांचा राग शांत करण्याची त्यांची पद्धत अशी, की राग आला की तोंड बंद ठेवायचं आणि शंभरापासून उलटं मोजायचं. पद्धत चांगली होती, पण निम्म्या लोकांना चाळीसच्या पुढे आकडे येत नव्हते. म्हणून साडूंनी आधी त्यांना शंभरपर्यंत शिकवलं, मग उलटं शिकवलं. त्यानंतर तुरुंगातली भांडणं पाहण्यासारखी झाली. दोन गडी छातीला छाती लावून उभे, डोळे लाल, आणि दोघंही ओठातल्या ओठात त्र्याण्णव, ब्याण्णव करताहेत. ज्याचं मोजणं आधी संपेल त्याला पहिला फटका मारायला मिळतो, असा नियम त्यांनी आपसांत ठरवून टाकला. त्यामुळे राग किती कमी झाला कोण जाणे, गणित मात्र झपाट्यानं सुधारलं.

त्यांची दाढी करायला एक कैदी होता. तो आत का आला होता हे मी विचारलं, तेव्हा साडूंनी नुसता वस्तऱ्याकडे अंगठा केला. "विश्वास हे औषध आहे, आणि औषध रोज घ्यावं लागतं," असं म्हणून ते रोज सकाळी त्याच्यापुढे मान वर करून डोळे मिटून बसत. एवढा विश्वास पाहून त्या बिचाऱ्याला इतकं भरून यायचं की त्याचा हात थरथरायचा. साडूंच्या हनुवटीवर कायम दोन-तीन चिरा असत. एकदा मी तिथे गेलो असताना त्यांनी आग्रहानं मलाही त्याच्यापुढे बसवायचा बेत केला. मी म्हणालो, आज सोमवार, मी सोमवारी दाढी करत नाही. तो खरं तर गुरुवार होता.

तर असे हे साडू एका रविवारी आमच्या घरी आले ते थेट स्वयंपाकघरात शिरले आणि पाट मागू लागले. माझ्या सासऱ्यांनी बायकोला लग्नात सहा सागवानी पाट दिले होते, चार कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेले. बायको माझ्यापेक्षा त्या पाटांना जास्त जपत असे. साडूंनी कुठल्याशा जाड पुस्तकात एक नवी उपचारपद्धत वाचली होती. गुन्हेगारासमोर रिकामी खुर्ची ठेवायची, ज्याचं आपण वाईट केलं तो माणूस तीत बसला आहे असं समजायचं, आणि मनात राहिलेलं सगळं त्याला बोलून टाकायचं. पण त्यांच्या तुरुंगात एकच धड खुर्ची होती आणि तिच्यात मोठे साहेब बसत. खाली बसणाऱ्या माणसांना पाटच बरा, असं साडूंनी ठरवलं.

बायको पाट द्यायला तयार होईना, तेव्हा त्यांनी तिला तो आधी वापरून बघायला सांगितलं. समोर पाट मांडला आणि म्हणाले, यावर कोण बसलंय असं समज आणि बोल. बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाटाकडे पाहिलं, आणि पाटावर मी बसलोय असं समजून पाऊण तास बोलली. मी शेजारीच खाटेवर होतो. लग्नापासूनच्या अनेक गोष्टी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या. बोलून झाल्यावर ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "घेऊन जा दाजी. बरं वाटलं. हा पाट मध्येच पेपर उघडून बसत नाही." साडूंनी पाट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काम झालं की परत देतो असा शब्द दिला.

तुरुंगात पाट चालला. एका बैलचोरानं तर बैलाच्या मालकाची माफी मागून झाल्यावर, बैल कसा आहे, वैरण खातो का, अशी बरीच चौकशी केली म्हणे. अडलं ते एका माणसापाशी. काष्टीच्या पलीकडच्या एका वाडीवरचा हा रंगनाथ. शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि त्यानं सख्ख्या चुलतभावाला, सखारामला, फावड्यानं मारलं होतं. तेव्हापासून सहा वर्षं त्याची जीभ हो आणि नाही यांच्यापुढे गेली नव्हती. काम झकास करायचा. त्यानं लावलेली वांगी बघायला दुसरे शेतकरी येत. पण पाटापुढे बसवला की तो नुसता पाटाकडे बघत राहायचा.

त्याच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. बापाला रजा हवी होती. सखारामचं घर भिंतीला भिंत लावून, त्याची विधवा आणि मुलगा तिथेच राहायचे. म्हणून मोठ्या साहेबांनी सांगितलं, या माणसाला आपण काय केलं ते कळलंय आणि हा गावात जाऊन पुन्हा काही करणार नाही, असं कल्याण अधिकाऱ्यांनी लेखी द्यावं, मग बघू. आता साडू लिहिणार काय? माणूस बोलतच नाही. मी म्हटलं, लिहून टाका हो दोन ओळी, पोरीचं लग्न आहे. त्यावर ते मला म्हणाले, "औषधाच्या बाटलीवर खोटी चिठ्ठी लावायची का?" हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. रंगनाथच्या मुलीचं कन्यादान बापाविना होणार, अशी सगळी लक्षणं दिसत होती, आणि त्या काळजीनं साडूंना रात्रीची झोप नव्हती.

भाद्रपद संपत आला. आमच्याकडे सर्वपित्रीला सहा माणसं जेवायला असत आणि पाट होते पाच. बायकोनं मला पहाटेच उठवून पहिल्या एस. टी. नं धाडलं. पाट घेऊन बारापर्यंत परत या, नाहीतर तुम्हीही येऊ नका, असं बजावून.

मी तुरुंगाच्या फाटकातून आत शिरलो तो लिंबाखाली सगळे कैदी अंघोळी करून गोल बसलेले. मध्ये जमीन शेणानं सारवलेली, तिच्यावर आमचा पाट, भोवती रांगोळी. पाटापुढे पत्रावळ, तिच्यावर भात, वांग्याची भाजी आणि त्या सकाळी सगळ्यांनी आपापल्या चहातलं दूध मागे ठेवून केलेली थोडीशी खीर. रंगनाथ हात जोडून पाटासमोर बसला होता. साडू बाजूला एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून उभे. त्यांचा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. स्वतःच्या वडिलांचं श्राद्धसुद्धा त्यांनी कधी केलं नव्हतं. "माझ्या शास्त्राची पार वाट लावली यांनी," ते माझ्या कानात पुटपुटले.

चूक त्यांची नव्हती, कैद्यांचीही नव्हती. मेलेल्या माणसासाठी रिकामा पाट मांडला तर आपल्याकडे त्याचा दुसरा अर्थच होत नाही. त्यांच्यात एक म्हातारा जन्मठेपी होता, सगळे त्याला अण्णा म्हणत. त्यानं मला नीट समजावून सांगितलं. "ह्याचा भाऊ मेला आन् ह्यो लॉकपमधी. ना डोई उतरवली, ना दहावं केलं. मारला तरी भाऊच ना? सुतक फिटलंच न्हाई. मंग जीभ अडकंल न्हाई तर काय हुईल?" साडूंनी दोन महिने पुस्तकं वाचून जे निदान केलं नव्हतं ते अण्णांनी तंबाखू मळता मळता केलं होतं.

घास काढून मागच्या दगडावर ठेवला होता. त्या तुरुंगातले कावळे म्हणजे पक्के चोर, हातातली भाकरी पळवणारे. पण त्या दिवशी सगळे लिंबावर गप्प बसून राहिले. एकही हलेना. अर्धा तास गेला. मग लोक रंगनाथला सुचवू लागले. कोणी म्हणालं, त्याच्या पोराला शिकवीन म्हण. कोणी म्हणालं, घरच्यांना अंतर देणार नाही म्हण. अण्णा म्हणाले, "त्याच्या मनात काय हाय ते तुलाच ठावं. आमी सांगून काय उपेग?" ऊन वर आलं. मी घड्याळाकडे बघत होतो. माझ्या डोळ्यांपुढे बायको आणि पाच पाट होते.

रंगनाथनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि पाटाचा कोपरा पुसला. रांगोळीचा कण पितळी फुलावर पडला होता, तोही टिपला. मग तो म्हणाला, "सखा, बांध तुजाच हुता."

अण्णांनी तळहातावरची तंबाखू झाडून टाकली.

"दगूड मी सरकवल्ता. दोन पावलं. तू म्हनत हुतास त्ये खरं हुतं. कोरटातबी म्या न्हाई सांगितलं."

एवढी वर्षं तुंबलेलं ते एकदाच वाहू लागलं. लहानपणी दोघं एका घोंगडीत झोपत ते त्यानं सांगितलं. सखारामनं त्याला विहिरीत पोहायला शिकवलं ते सांगितलं. फावडं उचललं तेव्हा सखारामनं हात वर केला तो मारायला नव्हे, अडवायला, हेही सांगितलं. मी घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं.

तो बोलत असतानाच लिंबावरचा एक कावळा खाली उतरला. दगडावर बसला, मान वाकडी करून पाहिलं, आणि खिरीचा भात उचलून गेला. मागोमाग आणखी दोन आले. रंगनाथची दगडाकडे पाठ होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. अण्णांनी तोंड उघडलं, एवढ्यात साडूंनी झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सरकारी अधिकाऱ्यानं कैद्याच्या तोंडावर. "थांबा," ते कुजबुजले, "अजून बोलतोय." सगळ्यांना ते पटलं. चोर, दरोडेखोर, खुनी, सगळे श्वास रोखून गप्प बसले, आणि रंगनाथ दुपारपर्यंत बोलत राहिला.

संपलं तेव्हा त्यानं वळून न बघताच विचारलं, "शिवला का?"

कावळा शिवून दीड तास झाला होता. साडूंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आत्ताच शिवला."

त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं. लेखी अभिप्राय मात्र त्यांनी अक्षर न् अक्षर खरा लिहिला, आणि रंगनाथला रजा मिळाली. लग्नाला साडूही गेले होते. त्यांनी येऊन सांगितलं, की रंगनाथनं गावात पाय ठेवल्याबरोबर घरी न जाता आधी शेतात जाऊन चार माणसांसमक्ष दगड दोन पावलं मागे सरकवला. सखारामच्या बायकोनं लग्नात दार उघडलं नाही. पण वाजंत्री बंद करा असा निरोपही पाठवला नाही. हे सांगताना साडूंना स्वतःच्याच मुलीचं लग्न लागल्यासारखा आनंद झाला होता.

पाट मला त्या सर्वपित्रीला मिळाला नाही. काम अजून संपलेलं नाही, साडू म्हणाले. मी रिकाम्या हातानं दुपारी तीनला घरी पोचलो. सहावा पाहुणा घोंगडीच्या घडीवर बसून जेवून गेलाही होता. पुढे प्रत्येक सर्वपित्रीला बायकोनं पाटाची आठवण करून द्यायची आणि साडूंनी हसून विषय बदलायचा, असं वर्षानुवर्षं चाललं.

साडू गेले त्याला आता काही वर्षं झाली. दहावं वगैरे करू नका असं ते सांगून गेले होते. पण जिवंतपणी त्यांचं घरात कोणी ऐकलं नाही, ते मेल्यावर कोण ऐकणार? नगरच्या अमरधामात पिंड ठेवला, आणि ठेवणाऱ्याचा हात मागे येण्याआधीच कावळा शिवून गेला. काही मागायचंच नव्हतं त्यांना. सगळे हायसं वाटून चपला शोधू लागले. मला मात्र वाईट वाटलं. थोडं थांबले असते तर मी काहीतरी बोललो असतो.

एवढ्यात एक म्हातारा काखेत गाठोडं घेऊन गर्दीतून आला. त्यानं ते बायकोपुढे सोडलं. आत आमचा पाट होता. एक पितळी फूल निघून गेलेलं, बाकी लखलखीत. तो रंगनाथ होता. शिक्षा संपून तो सुटला तेव्हा साडूंनी पाट त्याच्याच काखेत दिला होता.

"साहेब म्हनले हुते, काम झालं की बाईस्नी परत द्या," तो म्हणाला.

बायकोनं विचारलं, "झालं का?"

त्यानं पाटावरून हात फिरवला. "न्हाई जी. रोज थोडं ऱ्हातंच. पन आज म्हनलं, साहेबास्नी बसायला न्यावा."

त्यानं पाट मांडला, समोर बसला आणि हळू आवाजात बराच वेळ बोलला. कावळा केव्हाच येऊन गेला होता, पण कोणीही त्याला ते सांगितलं नाही. त्याचं झाल्यावर मी बसलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. दाढीच्या त्या गुरुवारबद्दलही बोललो एवढं सांगतो.

निघताना बायकोनं पाट उचलला, पदरानं पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि रंगनाथच्या काखेत परत दिला. आमच्याकडे अजून पाचच पाट आहेत. सर्वपित्रीला घोंगडीच्या घडीवर आता मी बसतो.