दोन कोऱ्या खापऱ्या

मास्तरांना त्यांच्या जागेवरून मी उठवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्या गमती लिहिणार आहे आणि त्या वाचून कुणालाही वाटेल की या माणसाचा त्यांच्यावर फार जीव होता. जीव होताच. तरीही दोन माणसांची मतं चोरून मी त्यांना खोलीबाहेर काढलं, आणि तेही त्यांनीच आम्हाला शिकवलेल्या नियमाने.

साठ सालानंतरची दुबई ती. अमिराती अजून एक झालेल्या नव्हत्या. देऱ्यात, खाडीपासून दोन गल्ल्या आत, आमची खोली होती. माणसं आठ, सगळी रत्नागिरी-कुलाब्याच्या किनाऱ्यावरची. कुणी गोदीत, कुणी लाँचवर, कुणी कंपनीची जीप चालवायला. मी एका शिपिंग एजंटकडे कारकून होतो. मास्तर खाडीवरच्या एका वखारीत हजेरी मांडायचे, पण गावाकडे ते हायस्कुलात इतिहास शिकवत. हेडमास्तरांशी कशावरून तरी बिनसलं, राजीनामा देऊन बोटीत बसले आणि येताना कव्हर निघालेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. पुस्तक ग्रीक आणि रोमन लोकांचं. बाहेरचे त्यांना ‘रोमवाले’ म्हणत, आम्ही मास्तरच म्हणत होतो.

त्या काळात खोल्या फार लवकर मोडत. गोड पाणी गाढवावरून डब्यांनी यायचं, आणि आंघोळीला कुणी एक डबा जास्त घेतला की भांडण, भांडणावरून अबोला, अबोल्यावरून वेगळी चूल. मास्तर म्हणायचे, “खोली भुकेने मोडत नाही. कुणी ठरवायचं हेच ठरलेलं नसतं, म्हणून मोडते.” आणि हे ठरवण्यासाठी त्यांनी आमच्या खोलीत रोम आणलं.

पहिला नियम, तक्रार उभं राहून करायची. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, की भांडी बाजूला सारून सभा बसे. ग्रीक लोकांच्या चौकाला अगोरा म्हणत, तिथे माणसं जमून गावचं ठरवत, म्हणून आमच्या चटईलाही अगोरा म्हणायचं. कुणी लोळत कुरकुरला की मास्तर म्हणत, “पडून बोललास ती कुरकुर. उभा राहा, म्हणजे ते म्हणणं होईल.” निम्म्या तक्रारी उठायच्या कंटाळ्यानेच संपत.

मग दरमहा दोन कॉन्सल. रोममध्ये राजा नको म्हणून त्यांनी सत्ता दोघांत वाटली आणि एकाला दुसऱ्याचा हुकूम अडवायची मुभा दिली, हे मास्तरांना फारच आवडलेलं. एका महिन्यात उस्मान ड्रायव्हर आणि दाऊद सुतार कॉन्सल होते. उस्मान म्हणाला, आज मासे. दाऊद म्हणाला, डाळ. दोघांनी एकमेकांना अडवलं. आठही जण खजूर आणि शिळी रोटी खाऊन झोपलो. दाऊद अंधारात म्हणाला, “मास्तर, तुमच्या रोममध्ये लोक जेवायचे तरी कधी?” मास्तर खुशीत होते. “पण भांडलात का? नाही ना? म्हणजे चालतंय.”

हसायला येतं, पण तेव्हा मला हसू येत नसे. दिवसभर एजंटची बोलणी खाऊन यावं आणि चहाच्या पातेल्यासाठीही ठराव मांडावा, याचा मला वैताग यायचा. एकदा मी चिडून म्हणालो की मास्तर, आपण नोकरीला आलोय, राज्य करायला नाही. ते शांतपणे म्हणाले, “बाहेर आपल्याला कुणी काही विचारतं का रे यूसुफ? मग निदान आत तरी विचारू या.” मला हे पटलं होतं. पटलं होतं म्हणून जास्त राग आला.

उस्मानला कितीतरी वेळा नापास होऊन शेवटी लायसन मिळालं, तेव्हा मास्तरांनी त्याची विजययात्रा काढली. रोमचा सेनापती जिंकून आला की रथात त्याच्या मागे एक जण उभा राहून कानात सांगे, तू माणूस आहेस हे विसरू नकोस. उस्मानला खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर जेवायला बसवलं, गळ्यात कागदी फुलांची माळ घातली आणि मागे हसनचाचांना उभं केलं. हसनचाचा आमच्यातले सर्वांत म्हातारे, लाँचवरचे भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, लिहिता-वाचता न येणारे. त्यांनी काम मनावर घेतलं. प्रत्येक घासाला खाली वाकून, “उस्मान, तू माणूसच आहेस बरं का.” शेवटी उस्मान म्हणाला, “चाचा, मला ठाऊक आहे, जेवू तरी द्या.” पुढच्याच आठवड्यात त्याने जीप वाळूत रुतवली. हसनचाचा म्हणाले, “बघ, सांगत होतो.”

मास्तरांनी सगळी पदं फिरती ठेवली, एक सोडून. ते पद ट्रिब्यूनचं. रोममधल्या गरिबांचा हा माणूस. बड्यांनी काहीही ठरवलं तरी तो उठून म्हणे, व्हीटो, म्हणजे माझी मनाई आहे, आणि ते काम तिथेच थांबे. खोलीत हसनचाचा, इब्राहीम आणि दाऊद या तिघांना लिहिता येत नव्हतं. ट्रिब्यून त्या तिघांनीच निवडायचा असं ठरलं होतं आणि ते दरवेळी मास्तरांना निवडत. दोन वर्षांत मास्तरांनी व्हीटो क्वचितच वापरला. एकदा वापरला तो माझ्यावर.

माझा धाकटा भाऊ सलीम बोटीने येऊन उतरला होता. आईने सांगून पाठवलं होतं की त्याला तुझ्याजवळ ठेव. नवव्या माणसाला जागा करायची तर दाराजवळ झोपणाऱ्या हसनचाचांना गच्चीवर पाठवावं लागणार होतं. मी सभेत ठराव मांडला. चाचा म्हणाले, “जातो की मी, त्यात काय.” उन्हाळ्यात तिथली रात्रीची हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते आणि चाचांना दमा होता, हे मला ठाऊक होतं. मास्तर उभे राहिले. “व्हीटो.”

मी म्हणालो, “माझा सख्खा भाऊ आहे, मास्तर. वखारीत गोणींवर झोपतोय.”

“ठाऊक आहे. त्याच्यासाठी दुसरी खोली आपण आठही जण मिळून शोधू. पण जो नाही म्हणू शकत नाही, त्याची जागा काढून घ्यायची नाही.”

महिनाभर शोधूनही खोली मिळाली नाही. सलीम गोणींवरच झोपत होता, आणि रोज सकाळी त्याचं तोंड पाहून मास्तरांवरचा माझा राग वाढत होता.

आता खापऱ्यांचं. अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोक फुटक्या मडक्याच्या खापरीवर एक नाव कोरत. ज्याचं नाव जास्त, त्याने दहा वर्षं गावाबाहेर जायचं. शिक्षा नाही, गुन्हा नाही, त्याचं घरदार तसंच राहायचं. फक्त त्याने दूर जायचं, म्हणजे गाव फुटणार नाही. मास्तरांनी हे रमजानच्या आधीच्या जुम्म्याला लावलं होतं. फुटक्या रांजणाचे तुकडे जपून ठेवलेले असत. आठांतल्या पाच खापऱ्यांवर एकच नाव आलं तर त्या माणसाने खोली सोडायची. बहुतेक जण कोरी खापरी टाकत, हसत, गळाभेट घेत, आणि वर्षभराचं साचलेलं धुऊन निघे. मास्तरांचा खरा हेतूही तोच असावा. एक नियम मात्र कडक होता. कुणी काय टाकलं यावर नंतर एक शब्द बोलायचा नाही.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या खापऱ्या मी लिहायचो. हे काम मास्तरांनीच मला दिलं होतं. माझं अक्षर त्यांनी गिरवून घेऊन सुधारलं होतं, त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या वर्षी मी गच्चीवर खिळा घेऊन बसलो. दाऊद आला आणि म्हणाला, ‘मास्तर’ असं लिही, मला रोज वेळेवर जेवण पाहिजे. तो अर्धा थट्टेतच बोलत होता. हसनचाचा आले. “कोरीच ठेव पोरा. आपलं कुणाशी काही नाही.” इब्राहीमही तेच म्हणाला. ते दोघं जिना उतरले. मी त्या दोन्ही खापऱ्यांवर ‘मास्तर’ कोरलं. माझ्या स्वतःच्याही. मास्तरांनी पाणी दोन दिवस रेशनवर ठेवल्यापासून उस्मानही त्यांच्यावर डाफरत होता, त्याचं मत कुणावर जाणार हे मला ठाऊक होतं. एवढा हिशेब करूनच मी खाली आलो.

खापऱ्या मास्तर स्वतः एकेक उचलून वाचत. एक, दोन, तीन नावं त्यांनी वाचली. पाचवी वाचून त्यांनी ती बाकीच्यांशेजारी ठेवली आणि सगळ्या ओळीने लावून त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. चार एकाच हाताच्या होत्या. मग ते उठले. “खापऱ्या बोलल्या. आता आपण कुणी बोलायचं नाही.” दाऊदचा चेहरा पडला होता. प्रत्येकाला वाटलं, आपण नाही, बाकीच्यांनी केलं. आणि बोलायची तर बंदी.

नियमाने त्यांना दहा दिवस होते. ते दुसऱ्या दिवशीच निघाले. अबुधाबीला बांधकामं निघाली होती, तिकडे जाणाऱ्या ट्रकवर चढले. पुस्तक खोलीतच ठेवून गेले. मला म्हणाले, “सलीमला माझी जागा दे. खिडकीखाली आहे, बरी आहे.”

सलीम त्या जागेवर एक महिनाही टिकला नाही. त्याला खोलीतली रोजची भांडणं सोसवेनात, तो गाववाल्यांबरोबर शारजात राहायला गेला. कॉन्सल निवडायची आठवण कुणाला राहिली नाही. पाण्यावरून उस्मान आणि दाऊद हमरीतुमरीवर आले, मी उभा राहून काही सांगू लागलो तर उस्मान म्हणाला, “खलास, आता तू नको सुरू करूस.” वर्षाच्या आत तीन चुली झाल्या. हसनचाचा शेवटी गच्चीवरच झोपू लागले. त्यांना कुणी पाठवलं नाही. आत झोप लागत नाही म्हणून ते आपणहून गेले. ज्यासाठी हे सगळं केलं त्यातलं काहीच माझ्या हाती लागलं नाही, आणि हे कुणाजवळ बोलताही येत नव्हतं.

तसंच राहिलं असतं. पण हसनचाचा कायमचे गावी निघाले तेव्हा मी त्यांची पेटी उचलून बोटीपर्यंत गेलो. त्यांनी माझा हात धरला. “यूसुफ, एक विचारू? मी मास्तरांचं नाव लिहायला सांगितलं नव्हतं ना रे? आता नीट आठवत नाही. मी कोरीच म्हटलं होतं ना?”

मी म्हणालो, “कोरीच म्हटलं होतं, चाचा.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “मग मास्तर कधी भेटले तर एवढं सांग. मला उगाच वाटत राहतं, माझ्याच खापरीने ते गेले.”

त्या म्हाताऱ्याने इतके दिवस माझं ओझं वाहिलं होतं.

पुढच्या सुट्टीत मी अबुधाबीला गेलो. तेव्हा धड रस्ता नव्हता, लँडरोव्हर समुद्राकडेच्या वाळूवरून धक्के देत जायची. मास्तर एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पात, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि स्टोअर सांभाळत होते. मला पाहून खरोखर आनंदले. चहा आणला, गावाकडचं विचारलं, उस्मानची जीप अजून रुतते का म्हणाले. मी दोनदा विषय काढायला गेलो, दोनदा त्यांनी दुसरंच काढलं. इथे सभा-बिभा होते का, असं मी विचारलं.

“इथे प्रजासत्ताक नाही रे. इथे सम्राट आहे, फोरमन. शिट्टी मारतो, आम्ही उठतो. दिवा घालवतो, आम्ही झोपतो. काही ठरवायचंच नाही. सुखात आहे.”

सुखात असल्यासारखे ते मुळीच दिसत नव्हते. जेवणाच्या वेळी कॅम्पातली माणसं लांब बाकांवर एकत्र बसली होती आणि मास्तर आपलं ताट घेऊन शेडच्या पायरीवर, सगळ्यांकडे पाठ करून बसले. मीही त्यांच्याशेजारी बसलो. तिसऱ्यांदाही मला विषय काढता येईना. स्वतःचीच चीड येऊन मी खिशात हात घातला आणि आणलेल्या दोन खापऱ्या पायरीवर ठेवल्या.

त्यांनी त्या उचलल्या, उलटून पाहिल्या, उजेडात धरल्या. “यांच्यावर तर काहीच नाही.”

“नाहीच. ही हसनचाचांची आणि ही इब्राहीमची.”

त्यांनी त्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, “अक्षर मी त्याच दिवशी ओळखलं होतं. मीच गिरवून घेतलेलं. चाचांना माझ्यावर राग धरता आला असता, हे काही मला खरं वाटेना.”

“मग बोलला का नाहीत?”

“हरलेला माणूसच खापऱ्या तपासायला लागला, तर पुढच्या वर्षी टाकणार कोण?”

“पुढचं वर्ष आलंच नाही, मास्तर.”

मी खाली मान घालून पुटपुटायला लागलो, की तेव्हा सलीम गोणींवर झोपत होता, आईने सांगितलं होतं, मी लहान होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“ही कुरकुर झाली, यूसुफ. उभा राहा.”

बाकांवरची माणसं जेवायची थांबून आमच्याकडे बघत होती. मी उभा राहिलो.

“चाचांनी आणि इब्राहीमने कोरी टाकायला सांगितली होती. त्यांच्या खापऱ्यांवर तुमचं नाव मी कोरलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मत मी चोरलं आणि तुमची जागा काढून घेतली. मी चुकलो, मास्तर. मला माफ करा.”