कमानीचा रंग

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला नदीपलीकडच्या गावची कमान आठवते आणि डोकं तापतं. त्या गावचा सरपंच माझा साडू. केजमधलं रंगाचं दुकान मी शून्यातून उभं केलेलं, तिथूनच त्यानं पिवळा आणि काळा रंग नेला. घासाघीस करून मी जुना माल त्याच्या गळ्यात मारला आणि खूश झालो. आठ दिवसांनी पाहतो, तर त्यांच्या वेशीवर अक्षरं झळकत होती, 'थोर प्राचीन गणितज्ञांचे जन्मस्थान'. तो पंडित नेमका कुठं जन्मला हे कुणालाच ठाऊक नाही, पण आमचे म्हातारे पिढ्यान्‌पिढ्या त्याला आमच्याच गावचा सांगत आलेले. मी तिथल्याच पारावर जाऊन ओरडलो, "पुरावा हाय का तुमच्याकडं?" साडू सुपारी कातरत म्हणाला, "न्हाई. तुमच्याकडं हाय?" "न्हाई!" "मग साडूभाऊ, आमच्याकडं निदान कमान तरी हाय." सगळा पार हसला. आता शाळांच्या सहली तिकडंच उतरतात, आणि माझा तो जुना रंग अजून उडालेला नाही. परवा व्याही ती कमान बघून आमच्याकडं जेवायला आले आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात कोण जन्मलं?" मी ताट सरकवून म्हणालो, "मी."